टीएमए मुलानेच लिहायचा: घरून शिकणाऱ्यांच्या पालकांसाठी क्रमवार मार्गदर्शन

एनआयओएसचा (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा) टीएमए, म्हणजे घरी लिहून द्यायचा आणि शिक्षकाने तपासायचा स्वाध्याय, जमा करायची मुदत जवळ आली की घरी शिकवणाऱ्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो: "दहावी सायन्स, मराठी मीडियम, सॉल्व्ह्ड टीएमए आहे का कुणाकडे?" थोड्या वेळात पीडीएफ येते. मूल ती समोर ठेवून सुवाच्य अक्षरात उतरवून काढतं, बाबा स्कॅन करतात, आई अपलोड करते. आपण कॉपी केली असं घरात कुणालाच वाटत नाही, कारण कॉपी म्हणजे परीक्षेच्या हॉलमध्ये चिठ्ठ्या नेणं, अशी आपली पक्की समजूत आहे.

घरच्या शिक्षणात पालकच शिक्षक असतात, पर्यवेक्षकही तेच आणि अपलोडचं बटण दाबणारेही तेच. म्हणून इथली कॉपी बहुतेकदा मुलाच्या चलाखीतून होत नाही. ती आपल्या मदतीतून होते, आणि मदत घसरते ती कामाचा क्रम उलटा झाल्यामुळे. आधी प्रश्न डाउनलोड होतात, मग उत्तरांचा शोध सुरू होतो आणि धडा वाचायचा राहूनच जातो. पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. मधलाच एखादा उचललात तर फारसा उपयोग होणार नाही.

## आधी एवढं माहीत हवं

टीएमएचा लेखी भागाच्या गुणांत २० टक्के वाटा असतो. प्रत्येक विषयाच्या कागदात सहा प्रश्न असतात. पहिले तीन दोन-दोन गुणांचे, उत्तर ४० ते ६० शब्दांत. पुढचे दोन चार-चार गुणांचे, १०० ते १५० शब्दांत. सहावा सहा गुणांचा प्रकल्प, साधारण ५०० शब्दांचा. बहुतेक ठिकाणी पर्याय दिलेले असतात आणि त्यातला एकच सोडवायचा असतो.

एप्रिल-मेच्या परीक्षेसाठी ३१ जानेवारी आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या परीक्षेसाठी ३१ जुलै अशी मुदत साधारणपणे असते. ती कधी पुढेही जाते. पण वाढवून मिळेल या भरवशावर राहणाऱ्या घरांतच शेवटच्या आठवड्यात पीडीएफची शोधाशोध होते.

तपासा: प्रश्नपत्रिका चालू सत्राची आहे का, माध्यम बरोबर आहे का, विषयाचा सांकेतिक क्रमांक जुळतो का. ग्रुपवर फिरणाऱ्या सोडवलेल्या पीडीएफ बऱ्याचदा मागच्या सत्राच्या असतात. मूल इमानदारीत तास-दोन तास बसून भलत्याच प्रश्नांची उत्तरं उतरवतं, आणि मग कॉपीही वाया जाते.

## टप्पा १: मदतीची रेघ लिहून ठेवा

हे काम सत्राच्या सुरुवातीला करायचं, प्रश्न हातात पडण्याच्या आधी. एकदा मूल अडून बसलं आणि घड्याळात रात्रीचे दहा वाजले की कुठलीही रेघ मागेपुढे सरकते.

एका कागदावर विषयवार लिहा. "थोडीफार मदत चालेल" अशी मोघम वाक्यं नकोत. कोणती कृती चालेल आणि कोणती नाही, तेवढंच लिहा.

चालेल: प्रश्न मोठ्याने वाचून दाखवणं. "कारणे द्या", "फरक स्पष्ट करा", "विशद करा" यांत नेमकं काय मागितलंय ते सांगणं. धड्यातलं संबंधित प्रकरण दाखवणं. गणितात तसंच पण वेगळ्या आकड्यांचं उदाहरण सोडवून दाखवणं. वेळापत्रक आखणं, आठवण करणं, स्कॅन आणि अपलोड करणं.

चालणार नाही: उत्तराचं पहिलं वाक्य "सुरू करून देणं". तेच गणित फळ्यावर सोडवून मग मुलाला उतरवायला लावणं. मुलाचं वाक्य पुसून त्या जागी आपलं जास्त चांगलं वाक्य लिहिणं. प्रकल्पातले आकडे अंदाजाने भरणं.

या दोन्हींच्या मधे एक तिसरा गट असतो आणि खरा गोंधळ तिथेच होतो. शुद्धलेखन घ्या. विज्ञानाच्या उत्तरात "प्रकाशसंश्लेषण" चुकीचं लिहिलं तर दाखवायला हरकत नाही, कारण तिथे भाषेची परीक्षा चाललेली नाही. मराठीच्या टीएमएत तीच दुरुस्ती तुम्ही केलीत तर गुण तुम्हाला मिळाले. इंग्रजीच्या पत्रलेखनात ग्रामरलीसारखं साधन चालू ठेवणं म्हणजे वाक्यं त्यानेच दुरुस्त केली. अर्थशास्त्राच्या टिपणात तेच एक वेळ चालून जाईल. कसोटी एकच: या प्रश्नात ज्या गोष्टीचे गुण आहेत, ती गोष्ट मुलाने केली का?

वाचन-लेखनाची अडचण असलेली अनेक मुलं एनआयओएसकडे येतात. परीक्षेत लेखनिकाची सवलत दिव्यांग विद्यार्थ्यांना मिळते. टीएमए घरी लिहिताना मूल सांगणार आणि तुम्ही लिहिणार असाल तर ते आधी एनआयओएसने नेमून दिलेल्या अभ्यासकेंद्राला विचारून घ्या. आणि लिहिताना त्याचे शब्द जसेच्या तसे, अडखळलेल्या वाक्यरचनेसह लिहा. "त्याला असंच म्हणायचं होतं" असं मनाशी म्हणून वाक्य सुधारायला लागलात की लेखनिकाचे तुम्ही लेखक झालात.

मुलाला ही रेघ समजावताना नीतिपाठ देत बसू नका. दोन-चार वाक्यांचा सराव पुरतो.

"आई, फक्त सुरुवात करून दे ना."
"तुला काय म्हणायचंय ते आधी तोंडाने सांग."
"म्हणजे... पाऊस पडला की माती वाहून जाते, आणि झाडं असली की नाही जात."
"झालं की. हेच लिही."

आईने इथे एकही शब्द पुरवला नाही, तरी गाडी पुढे गेली. दहापैकी आठ वेळा अडचण उत्तर न येण्याची नसते. आपलं बोलणं उत्तर म्हणून चालेल, यावर मुलाचा विश्वासच बसत नसतो.

सावध: आई आणि बाबा यांची रेघ वेगवेगळी असली तर मूल बरोबर सैल बाजूला जातं. कागदावर दोघांची सही घ्या. शिकवणीच्या ताई किंवा सर येत असतील तर तो कागद त्यांनाही वाचायला द्या. "टीएमए आम्ही करून देतो" असं पॅकेज देणारे क्लासही आहेत. फी भरण्याआधीच विचारा की टीएमएत तुम्ही नेमकं काय करता. उत्तर गुळमुळीत आलं तर तिथून निघा.

## टप्पा २: घरातल्या किल्ल्या आवरा

बऱ्याच ऑनलाइन अभ्यासक्रमांत पालकांचं वेगळं खातं असतं आणि उत्तरसूची त्याच खात्यात असते. घरात लॅपटॉप एक, ब्राउझर एक आणि पासवर्ड जतन केलेला. मूल एका क्लिकवर शिक्षकाच्या खुर्चीत जाऊन बसतं. हे आधी बंद करा. लॅपटॉपवर मुलाचं वेगळं खातं उघडा आणि पालकांच्या खात्याचा पासवर्ड ब्राउझरमधून काढून टाका. छापील उत्तरसूची आणि गाईड दुसऱ्या कपाटात ठेवा.

एनआयओएसच्या पुस्तकांत पाठगत, म्हणजे धड्यात मधेमधे येणाऱ्या, प्रश्नांची उत्तरं धड्याच्या शेवटी छापलेली असतात. ती लपवायची गरज नाही. ती पानं मोठ्या क्लिपने बंद करा आणि नियम सांगा: आधी वहीत उत्तर, मग क्लिप काढायची, मग वेगळ्या रंगाच्या पेनाने आपली चूक आपणच दुरुस्त करायची. पहिलं उत्तर खोडायचं नाही. ही सवय टीएमएच्या आधी महिनाभर लागली तर पुढचं निम्मं काम होतं.

व्हिडिओ पाहिल्यावर येणाऱ्या ऑनलाइन चाचण्यांचं काय? या चाचण्या आपोआप तपासल्या जातात, हव्या तेवढ्या वेळा देता येतात, आणि प्रश्न गुगलवर टाकला की उत्तर समोर येतं. त्यांच्या गुणांवर बक्षीस, स्क्रीन टाइम, बाहेर जेवायला जाणं असं काहीही बांधू नका. तिथे गुणांना किंमत दिलीत की मूल किंमत वसूल करणारच. चाचणी सरावापुरती ठेवा आणि फक्त लागलेला वेळ बघा. तीस प्रश्न चार मिनिटांत सुटले असतील तर एक तर मुलाला ते आधीच येत होतं, नाहीतर शेजारी दुसरी खिडकी उघडी होती. कोणतं खरं, ते वहीवर दोन प्रश्न सोडवायला दिले की कळतं.

एआयबद्दलचा नियमही आत्ताच ठरवा. चॅटजीपीटीच्या अटींनुसार १३ वर्षांखालच्या मुलांनी ते वापरायचं नाही आणि १८ वर्षांखालच्यांना पालकांची संमती लागते. म्हणजे संमती देणारे तुम्हीच, तेव्हा कशासाठी देताय ते सांगून द्या. माझं मत विचाराल तर धडा समजून घ्यायला आणि सरावाचे प्रश्न तयार करून घ्यायला त्याचा चांगला उपयोग होतो. टीएमएचा प्रश्न मात्र त्याला टाइप करून विचारायचा नाही. फोटो काढला की गणित सोडवून देणाऱ्या ॲप्सनाही हेच लागू.

पाळत ठेवणारी सॉफ्टवेअर आणि अभ्यासाच्या टेबलावर कॅमेरा, हे दोन्ही मी सुचवणार नाही. मुलाच्या खिशातला दुसरा फोन त्यात दिसत नाही. शिवाय घरी शिकण्याची जी मोकळीक आहे तीच निघून जाते. त्याऐवजी शंभर पानी कच्ची वही द्या: पानं फाडायची नाहीत, खोडरबर वापरायचा नाही, प्रत्येक बैठकीला तारीख टाकायची. मूल संगणकावर कच्चं लिहीत असेल तर ते गुगल डॉक्समध्ये लिहू द्या. तिथे व्हर्जन हिस्टरी उघडली की मजकूर ओळीओळीने वाढत गेला की एकदम येऊन पडला, ते दिसतं. ही सोय आहे हे मुलाला आधीच सांगा. गुपचूप बघू नका.

तपासा: मुलाच्या खात्यातून पालकांच्या खात्यात जाता येतंय का, हे मुलालाच करून बघायला सांगा. पळवाटा त्यालाच जास्त माहीत असतात.

## टप्पा ३: धडा आधी, प्रश्न नंतर

प्रश्नपत्रिका तुम्ही लवकर डाउनलोड करा, पण मुलाला लगेच देऊ नका. कोणते प्रश्न कोणत्या धड्यांवर आहेत त्याची यादी काढा आणि वेळापत्रकात त्या धड्यांना आधी जागा द्या.

प्रत्येक धड्याचा क्रम असा: पुस्तकातला पाठ वाचणं, लागलं तर एनआयओएसचा किंवा स्वयंप्रभा या सरकारी शैक्षणिक वाहिन्यांवरचा व्हिडिओ बघणं, क्लिप लावून पाठगत प्रश्न, मग पाठाच्या शेवटचे प्रश्न. त्यानंतरच टीएमएचा प्रश्न दाखवायचा.

अ किंवा ब पर्याय निवडायचं काम मुलाचं. त्याला एक ओळ लिहायला सांगा: "मी ब घेतला, कारण..." उत्तर "कारण हा व्हिडिओत होता" किंवा "कारण हा सोपा" असं काहीही चालेल. तयार उत्तर नेटवर सापडलं म्हणून पर्याय निवडला गेला असेल तर ती ओळ लिहिताना मूल अडखळतं.

सावध: सहा विषयांचे टीएमए एका आठवड्यात उरकायचा बेत आखू नका. आठवड्याला एक विषय धरला तरी दीड महिना लागतो. मुदतीपासून दीड महिना मागे मोजा आणि ती तारीख आजच कॅलेंडरवर लिहा.

## टप्पा ४: कच्चं लेखन दोन बैठकांत

पहिली बैठक पुस्तक बंद ठेवून. जे येतं ते, जसं येतं तसं. पान निम्मं रिकामं राहिलं तरी हरकत नाही. दुसरी बैठक दुसऱ्या दिवशी, पुस्तक उघडून. राहिलेलं भरायचं, चुकलेलं शेजारी सुधारायचं आणि प्रत्येक भर कुठून आली ते समासात लिहायचं: धड्याचं पान, व्हिडिओचं नाव, "आजोबांनी सांगितलं", काहीही. टीएमए हा घरी, पुस्तक जवळ घेऊन करायचाच भाग आहे. पुस्तक बघणं म्हणजे कॉपी नाही. पुस्तकातला परिच्छेद उचलून स्वतःचं उत्तर म्हणून ठेवणं ही कॉपी. हा फरक मुलाला एकदा उदाहरण घेऊन दाखवा, कारण बरीच प्रामाणिक मुलं पुस्तक उघडायलाच घाबरतात आणि बरीच बेफिकीर मुलं धड्यातल्या चार ओळी जशाच्या तशा उतरवतात.

शब्दमर्यादा फार उपयोगी पडते. चाळीस-साठ शब्द म्हणजे वहीच्या पाच-सहा ओळी. दोन गुणांच्या प्रश्नाला दीड पान भरलं असेल तर बहुधा ते मुलाचं नाही. असलंच तर त्यातलं काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे ठरवायला लावा. गाळायचं काय, हे उतरवणाऱ्याला ठरवता येत नाही.

आता प्रकल्प. सहा गुणांचा हा प्रश्न सगळ्यात जास्त बनावट होतो आणि त्यात मुलापेक्षा पालकांचा हात मोठा असतो. "दहा कुटुंबांचं सर्वेक्षण करा" असं आलं की दोन कुटुंबांना विचारलं जातं आणि उरलेली आठ बाबा कागदावर जन्माला घालतात. हीही फसवणूकच, पण तिला फसवणूक म्हणायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही.

खरा प्रकल्प फार अवघड नसतो. समजा भाज्यांच्या भावातल्या चढउतारावर लिहायचंय. मुलाने चार आठवडे एकाच वारी एकाच मंडईत जायचं, कांदा, बटाटा, टोमॅटो, मेथी यांचे भाव त्याच जागी कच्च्या वहीत टिपायचे आणि विकणाऱ्या मावशींना एक प्रश्न विचारायचा: "आज भाव का चढलाय?" ती चार पानं म्हणजे प्रकल्पाचा कणा. एखाद्या आठवड्यात पावसाने जाता आलं नाही तर तो रकाना रिकामा ठेवायचा आणि "पावसामुळे जाता आलं नाही" असं लिहायचं. दहाच्या जागी सात कुटुंबं मिळाली तर सातच लिहायची. सगळे रकाने भरलेले आणि सगळे आकडे पाच-दहाच्या पटीत असलेलं सर्वेक्षण कुणीही अनुभवी शिक्षक लांबूनच ओळखतो.

तपासा: प्रकल्पातल्या प्रत्येक आकड्यासाठी कच्च्या वहीत तारखेसह नोंद आहे का? फोटो मुलाने काढलेत की नेटवरून उतरवलेत? नेटवरचा असेल तर खाली तसं लिहिलंय का?

## टप्पा ५: तोंडी तपासणी

बाकी सगळे टप्पे ढिले पडले तरी हा टाळू नका. कच्चं लेखन पूर्ण झाल्यावर आणि फेअर करण्याच्या आधी, दहा मिनिटं. त्याच दिवशी नको. एक-दोन दिवस जाऊ द्या, म्हणजे नुसतं पाठ केलेलं असेल तर ते सुटायला लागतं.

विचारणारी व्यक्ती शक्यतो आई-बाबा नसावी. विषय न येणारे आजोबा, नाहीतर व्हिडिओ कॉलवरची मावशी हे फार उत्तम परीक्षक असतात, कारण त्यांना खरंच माहीत नसतं. त्यांचं "म्हणजे काय रे?" हे नाटक नसतं. विषय येणारा माणूस मुलाच्या अर्ध्या वाक्याला स्वतःच पूर्ण करून टाकतो आणि त्याला पत्ताही लागत नाही.

वही बंद ठेवून असे प्रश्न विचारावेत:

१. "या उत्तरात तू काय म्हटलंयस, ते मला समजेल असं सांग."
२. उत्तरातला एखादा जड शब्द घेऊन, "हा शब्द न वापरता सांगता येईल का?"
३. गणित किंवा विज्ञान असेल तर, "हा आकडा दुप्पट झाला असता तर काय बदललं असतं?"
४. "हे वाक्य काढून टाकलं तर उत्तरात काय अडेल?"
५. "हे तुला कुठे सापडलं?"

सगळे विचारायची गरज नाही. दुसरा आणि चौथा प्रश्न बहुतेक वेळा पुरतात. स्वतः लिहिणाऱ्याला आपलं वाक्य तिथे का आहे हे माहीत असतं, भले त्याचं कारण चुकीचं असो. उतरवून काढणाऱ्याला ते वाक्य मूळ कागदावर होतं, एवढंच माहीत असतं.

आता निष्कर्षाबद्दल. मूल गप्प बसलं म्हणजे त्याने कॉपी केली असं नाही. काही मुलांची बोलताना गाळण उडते. त्यांना कागद-पेन द्या, आकृती काढू द्या, खोलीत येरझारा घालत बोलू द्या. उलट घडाघडा बोलणारं मूल घोकूनही बोलत असेल. म्हणून प्रश्नाची दिशा मधेच बदलून बघा.

भाषेवरून शंका येऊ शकते. एरवी "म्हणून" आणि "त्यामुळे" लिहिणारं मूल अचानक "परिणामस्वरूप" लिहायला लागलं, किंवा हिंदीतून यंत्राने उलटवल्यासारखी "च्या द्वारे केले जाते" अशी वाक्यं आली, तर थांबून विचारा. पण ही फक्त शंका, पुरावा नव्हे. मूल नुकतंच कुठलंसं पुस्तक वाचून तसं लिहायला शिकलेलं असू शकतं, आणि तसं असेल तर त्याचं कौतुकच करायला हवं.

सावध: "हा मजकूर एआयने लिहिला का" हे सांगणाऱ्या वेबसाइटवर मुलाचं उत्तर टाकून फैसला करू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच आपलं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. प्रामाणिक मुलाला यंत्राच्या टक्केवारीवरून खोटं ठरवलंत तर पुढच्या वेळी ते कच्ची वही दाखवायलाही येणार नाही.

## टप्पा ६: कॉपी सापडलीच तर

पहिलं काम: त्या दिवशी निकाल द्यायचा नाही. "हे उत्तर तुझं वाटत नाही. उद्या बोलू" एवढंच म्हणा. रागाच्या भरात कबुलीजबाब मिळतो, कारण मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी विचारायचं, "कुठे अडलं होतं?" उत्तरं साधारण तीन-चारच येतात. वेळ उरला नव्हता. धडा कळलाच नव्हता. "सगळेच करतात, शिक्षक कुठे वाचतात?" किंवा, आणि हे ऐकायला जड जातं, "माझं उत्तर तुम्हाला कधीच पुरेसं चांगलं वाटत नाही." वेळ उरला नसेल तर वेळापत्रक बदलायला हवं. धडा कळला नसेल तर टप्पा ३ कडे परत. शेवटचं उत्तर आलं तर सुधारायचं आपणच आहे: मुलाच्या वाक्यांवर लाल पेन फिरवणं काही दिवस पूर्ण थांबवा.

मग ते उत्तर रद्द करायचं आणि दुसऱ्या पर्यायाचा प्रश्न नव्याने लिहायचा. अ उतरवला असेल तर आता ब. तोच प्रश्न पुन्हा लिहायला दिला तर डोक्यात बसलेली पीडीएफच पुन्हा उतरते. सगळा टीएमए पुन्हा करायला लावू नका. शिक्षा म्हणून ते जमेल, शिकणं म्हणून नाही.

अपलोड झाल्यानंतर कळलं तर मुदत संपायच्या आत अभ्यासकेंद्राला विचारा की बदलता येईल का, आणि काय घडलं ते सरळ सांगा. आणि ते उत्तर मुळात तुम्हीच लिहून दिलेलं असेल तर ते मुलासमोर तुम्ही बोला. त्याच्याकडून कबुलीची अपेक्षा त्यानंतरच ठेवता येते.

## टप्पा ७: फेअर, स्कॅन, अपलोड

फेअर मुलाच्याच हाताने, मुलाच्याच अक्षरात. अक्षर वाईट आहे म्हणून ताईने लिहून देणं ही मदत नाही. पहिल्या पानावर वर नाव, एनरोलमेंट नंबर, अभ्यासकेंद्राचं नाव आणि विषय. फेअर करताना दोन-चार शब्द बदलतील ते बदलू द्या. एखादा अख्खा नवा परिच्छेद उगवला तर मात्र तो कुठून आला ते विचारा.

स्कॅन तुम्ही करा. पानांचा क्रम, कडा कापल्या गेल्या का, पेन्सिलीच्या आकृत्या दिसतात का, हे पीडीएफ मोठी करून बघा. फाइलच्या नावात विषयाचा क्रमांक ठेवा, म्हणजे गणिताच्या जागी गृहविज्ञान जाणार नाही. अपलोड झाल्याचा स्क्रीनशॉट काढा.

सावध: सायबर कॅफेत लॉगिन आणि ओटीपी देऊन "तुम्हीच करा" म्हणू नका. तुमच्या मुलाची पीडीएफ त्या संगणकावर राहते आणि पुढच्या गिऱ्हाइकाला "सोडवलेला टीएमए" म्हणून जाऊ शकते. ग्रुपवर मैत्रीखात्यात पाठवलेली पीडीएफही तशीच फिरते. कुणी मागितली तर "धडा कोणता आणि कसा समजावला ते सांगते, पीडीएफ नाही देत" असं स्पष्ट सांगा. चार दिवस तोंडं वाकडी होतील, होऊ द्या.

प्रात्यक्षिक असलेल्या विषयांत प्रयोगवहीलाही हेच नियम. अभ्यासकेंद्रात प्रयोग केला नाही तोपर्यंत वहीत निरीक्षणं लिहायची नाहीत. आदल्या वर्षीच्या विद्यार्थ्याची वही घेऊन निरीक्षणाचा तक्ता आधीच भरून नेणं ही जुनी चाल आहे. बाहेरचे परीक्षक प्रयोग करायला सांगतात तेव्हा ती उघडी पडते.

घरून केंब्रिज आयजीसीएसई, म्हणजे साधारण दहावीच्या पातळीची आंतरराष्ट्रीय परीक्षा, करणाऱ्यांचं गणित थोडं वेगळं. ज्या विषयांत कोर्सवर्क, म्हणजे अभ्यासादरम्यान करायचं गुण असलेलं काम, असतं तिथे ते काम विद्यार्थ्याचंच आहे याची खात्री शिक्षकाला द्यावी लागते. घरी शिकणाऱ्या खासगी परीक्षार्थ्याला ती देणारं कुणी नसतं, म्हणून कोर्सवर्क नसलेले पर्याय घेतले जातात. विज्ञानात प्रात्यक्षिकाऐवजी लेखी पर्यायी पेपर असतो. परीक्षाकेंद्र कोणते विषय स्वीकारतं हे अभ्यास सुरू करायच्या आधी विचारा.

## टप्पा ८: परीक्षेआधीची जुळणी

टीएमए आणि परीक्षा यांच्यामध्ये दोन-अडीच महिने असतात. त्या काळात प्रत्येक विषयातला टीएमएचा एक चार गुणांचा प्रश्न पुन्हा, पुस्तक बंद ठेवून, वेळ लावून लिहायला द्या आणि जुन्या उत्तराशेजारी ठेवा. शब्द वेगळे असणारच. मुद्दे तेच असतील तर ठीक. मुद्देच नाहीसे झाले असतील तर तो धडा पुन्हा घ्यायचा, टीएमएला कितीही गुण मिळालेले असोत. लेखी परीक्षा केंद्रावर, पर्यवेक्षकासमोर होते आणि तिथे पीडीएफ नसते.

कच्ची वही, प्रकल्पाच्या नोंदी, स्कॅन केलेल्या पीडीएफ आणि अपलोडचा स्क्रीनशॉट हे सगळं गुणपत्रिका हातात येईपर्यंत एका फाइलमध्ये ठेवा. कुणी शंका घेतली तर दाखवायला हेच उपयोगी पडेल. धाकटं भावंड पुढे तेच विषय घेणार असेल तर ही फाइल तुमच्या कपाटात कुलूप लावून ठेवा. प्रश्न बदलतात, पण प्रकल्पांचे विषय फिरून येऊ शकतात.